पडदा काळा पडतो तेव्हा

२७ जून २०१७ रोजी युरोपात एक संगणक-विषाणू पसरला आणि पाहता पाहता त्याची झळ उरण तालुक्यातील न्हावा शेवा येथे येऊन पोचली. जवाहरलाल नेहरू बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे काम ठप्प झाले. डेन्मार्कच्या मर्स्क समूहातील एपीएम टर्मिनल्स ही कंपनी आणि भारत सरकारचे कंटेनर कॉर्पोरेशन यांच्या भागीदारीत चालणाऱ्या या टर्मिनलची क्षमता, वीस फुटी पेटीच्या मापाने, वर्षाला १८ लाख कंटेनर हाताळण्याची होती. संप नव्हता, वादळ नव्हते, वीजही गेलेली नव्हती. क्रेन शाबूत होत्या. नाहीशी झाली होती ती फक्त माहिती. कोणती पेटी यार्डातील कोणत्या रांगेत, कितव्या थरावर आहे आणि ती कोणाच्या हवाली करावयाची, हे सांगणारा पडदा काळा पडला होता.

केंद्रीय जहाजवाहतूक मंत्रालयाला त्या वेळी निवेदन काढावे लागले. काम हाताने चालविण्याचा प्रयत्न सुरू आहे, आणि येणारा-जाणारा माल तुंबण्याचा संभव असल्याने तो उभा करून ठेवण्यासाठी जागेची व्यवस्था केली जात आहे, असा त्याचा आशय होता. कंटेनर यार्डात ‘हाताने काम’ म्हणजे काय, याची कल्पना बंदराबाहेरच्या माणसाला सहसा नसते. पेट्या एकावर एक रचलेल्या असतात. तळाची पेटी काढावयाची तर वरच्या हलवाव्या लागतात, आणि हलविलेल्या प्रत्येक पेटीचा पत्ता बदलतो. हा बदलता पत्ता ज्या दिवशी कोणी लिहून ठेवत नाही, त्या दिवशी हजारो पेट्यांचे यार्ड म्हणजे केवळ लोखंडाचा डोंगर होय.

या घटनेकडे परदेशी हल्लेखोरांचा उपद्रव म्हणून पाहणे सोयीचे आहे, पण पुरेसे नाही. तिच्यातून अर्थशास्त्राचा एक जुना प्रश्न नव्या रूपात पुढे येतो. नेहमीच्या दिवशी जी वस्तू नुसती पडून असते, ती उधळपट्टी मानावयाची की भांडवल?

यंत्र मेले, की नुसता पडदा?

हा प्रश्न समजून घेण्यासाठी बंदरापर्यंत जाण्याचीही गरज नाही. शिक्षकाच्या वा कारकुनाच्या टेबलावरील लॅपटॉप एखाद्या सकाळी कळ दाबूनही काळाच राहतो, तेव्हा तोच प्रश्न त्याच्यापुढे उभा असतो. प्रश्नपत्रिका, पगारपत्रके, प्रबंधाची तीन वर्षांची टिपणे, सारे त्या काळ्या चौकोनामागे अडकलेले असते. अशा वेळी माणूस एक तर हताश होतो किंवा घाईने यंत्र दुरुस्तीच्या दुकानात नेऊन टाकतो. वस्तुतः पहिले काम निदानाचे असते. यंत्र मेले आहे, की केवळ त्याचा पडदा?

संगणक सुरू होतो तो पायरीपायरीने. प्रथम वीज पोचते. मग यंत्र आपली स्मृती आणि इतर भाग तपासते. नंतर डिस्कच्या सुरुवातीच्या भागातील सूचना वाचून कार्यप्रणालीला जागे करते. आणि सरतेशेवटी पडद्यावर चित्र उमटते. साखळी कोठे तुटली हे कळले की उपाय निम्मा सापडतो. चार्जरचा दिवा लागत नसेल तर दोष विजेच्या मार्गात शोधावा. दिवा लागतो, पंख्याचा आवाज येतो, पण पडदा काळा आहे, असे असेल तर लॅपटॉप दुसऱ्या पडद्याला किंवा दूरदर्शन संचाला जोडून पाहावा. तेथे चित्र दिसले तर यंत्र जिवंत आहे. काळ्या पडद्यावर विजेरीचा तिरपा झोत टाकल्यावर अंधूक अक्षरे दिसली, तर पडद्यामागचा उजेड तेवढा गेलेला असतो. पुष्कळदा जोडलेली सर्व उपकरणे काढून, चार्जरही सोडवून, चालू-बंदची कळ अर्धा मिनिट दाबून धरली आणि मग पुन्हा सुरू केले एवढ्यानेही काम भागते. सुरुवातीला ठरावीक वेळा शिटी वाजत असेल, तर बहुधा स्मृतीची पट्टी किंवा दुसरा एखादा भाग तक्रार करीत असतो. शिट्यांचा अर्थ उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेला असतो. उत्पादकाचे बोधचिन्ह दिसून त्यानंतर पडदा काळा पडत असेल, तर दोष बहुतेक कार्यप्रणालीत असतो, आणि ती ‘सेफ मोड’ने चालू करून अलीकडे केलेला बदल मागे घेता येतो.

यांतील बहुतेक प्रसंगी डिस्कवरील मजकुराला धक्का लागलेला नसतो. तो नष्ट होतो तो पुष्कळदा नंतर, ‘फॉरमॅट करून देतो’ या दुकानातील एका वाक्याने. म्हणून मजकूर आधी बाहेर काढून घेतल्याशिवाय दुरुस्तीला संमती देऊ नये. आणि मुळात त्याची दुसरी प्रत अन्यत्र असती, तर काळा पडदा ही केवळ काही रुपयांच्या खर्चाची बाब ठरली असती.

न्हावा शेव्याला बाधलेल्या विषाणूने, ज्याला पुढे ‘नॉटपेट्या’ हे नाव पडले, या साखळीतील नेमकी मधली कडी तोडली होती. डिस्कच्या सुरुवातीच्या सूचना आणि फायलींची मुख्य सूची त्याने निकामी केली. यंत्र पुन्हा सुरू होताच काळ्या पडद्यावर तांबड्या अक्षरांत ३०० डॉलर मोलाच्या बिटकॉइनची मागणी दिसे. परंतु पैसे भरूनही काही परत मिळण्याजोगे नव्हते. खंडणी हा मुखवटा होता. हेतू विध्वंसाचा होता. युक्रेनमध्ये कराच्या हिशेबासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘एम.ई.डॉक’ या प्रणालीच्या सुधारित आवृत्तीतून तो घुसला आणि एका जाळ्याला जोडलेल्या यंत्रांतून वणव्यासारखा पसरला. अमेरिका व ब्रिटन यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याची जबाबदारी रशियाच्या लष्करावर टाकली.

घानातील खंडित वीज

मर्स्क समूहाचे नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले. समूहाचे तत्कालीन अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितले की, ४,००० सर्व्हर, ४५,००० संगणक आणि २,५०० प्रणाली दहा दिवसांत नव्याने उभ्या कराव्या लागल्या. या पुनरुभारणीची जी हकीकत पुढे प्रसिद्ध झाली, तिच्यातील एक प्रसंग अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे.

कोणत्या कर्मचाऱ्याला कोणत्या यंत्रात प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे संगणक जगभर पसरलेले होते. प्रत्येक संगणक इतरांची नक्कल जपत असल्याने एखादा बिघडला तरी चिंता नाही, असा हिशेब होता. सारे एकाच वेळी पुसले जातील, हे कोणाच्या गणितात नव्हते. त्यांच्यापैकी एकच वाचला. तो घानामध्ये होता आणि हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेल्यामुळे जाळ्यापासून तुटलेला होता. त्याच्या डिस्कवरील मजकूर तारेने इंग्लंडला पाठविण्यास कित्येक दिवस लागले असते. घानातील कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एकाने ती डिस्क नायजेरियाच्या विमानतळावर नेऊन दुसऱ्याच्या हाती दिली आणि तो ती घेऊन लंडनला गेला. जगातील अग्रगण्य जहाज कंपनी पुन्हा उभी राहिली ती अशा रीतीने, पिशवीतून नेलेल्या एका डिस्कवर.

भारनियमनाचे चटके सोसलेल्या महाराष्ट्राला या प्रसंगातील विरोधाभास सांगावयास नको. जो दोष म्हणजे मागासलेपणाची खूण, त्यानेच येथे तारले. अर्थात यावरून वीज जात राहावी असा निष्कर्ष कोणी काढणार नाही. निष्कर्ष एवढाच की, मूळ यंत्राशी सतत जोडलेली प्रत ही खरी राखीव प्रत नव्हे. शंभर ठिकाणी ठेवलेली वस्तू एकाच कुलपात असेल, तर ती एकाच ठिकाणी आहे असे समजावे. मर्स्कला हे वेगळेपण योगायोगाने लाभले. जे योगायोगाने लाभले, ते पुढे नियोजनाने साधले पाहिजे.

बचतीचा खर्च कोणाच्या माथी?

आपल्याकडे संगणकाच्या आगमनाचा वाद जुन्या कारकुनांना स्मरत असेल. बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी डॉ. सी. रंगराजन समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला, त्याच्या आगेमागे सारा वाद नोकऱ्यांभोवती फिरला. संगणक किती माणसांची जागा घेईल, हा कामगार संघटनांचा प्रश्न होता. किती वेगाने काम करील, हे व्यवस्थापनाचे उत्तर होते. ज्या दिवशी तो बंद पडेल त्या दिवशी काम कोण आणि कसे करील, हा तिसरा प्रश्न मात्र उपेक्षितच राहिला. यंत्र आले, वेग वाढला, चुका कमी झाल्या, हे निर्विवाद आहे. पण त्याबरोबर वह्या गेल्या आणि वही लिहिणारा हातही गेला. कोणत्याही ताळेबंदात या कौशल्याचा घसारा दाखविला गेला नाही, कारण ते कधी भांडवल म्हणून नोंदलेलेच नव्हते.

राखीव व्यवस्थेचा खर्च दरवर्षी दिसतो. तिचा लाभ एखाद्याच वर्षी दिसतो. साहजिकच काटकसरीची कात्री प्रथम तिच्यावर चालते. या काटकसरीचा नफा संस्थेच्या पदरात पडतो, परंतु ती फसल्याचा तोटा केवळ संस्थेपुरता राहत नाही. बंदराचा पडदा काळा पडला की करळ फाट्यापर्यंत अडकलेला ट्रेलरचालक दिवसाची फेरी गमावतो. क्लिअरिंग एजंटचा माणूस खिडकीपाशी ताटकळतो. छोट्या निर्यातदाराचे जहाज चुकते आणि पुढच्या जहाजापर्यंत मालाचे भाडे त्याच्या अंगावर चढत राहते. संगणक कोणता घ्यावा, त्याची प्रत कोठे ठेवावी, या निर्णयात यांपैकी कोणालाही विचारलेले नसते. निर्णय एकाचा आणि भुर्दंड दुसऱ्याला, या प्रकाराला अर्थशास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात. कारखान्याच्या धुराविषयी जे आता सर्वमान्य झाले आहे, ते माहितीच्या यंत्रणेविषयीही मान्य व्हावयास हवे.

न्हावा शेव्याच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. २६ मे १९८९ रोजी सुरू झालेले हे बंदर ज्या परिसरात उभे आहे, तेथील शेतकऱ्यांनी जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला आणि जानेवारी १९८४ मधील गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले. शेत आणि मिठागर गेल्यावर या गावांतील अनेक घरांची चूल बंदराच्या रहदारीवर पेटू लागली. अशा घरांना बंदराचा प्रत्येक बंद दिवस हा तांत्रिक बिघाड नसून बुडालेली रोजी असते.

२०१७ चा प्रसंग एकमेव राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये याच बंदरातील, त्या वेळी बंदराच्या स्वतःच्या ताब्यात असलेल्या टर्मिनलची संगणक यंत्रणा बंद पडली. खंडणीखोर विषाणूचा संशय व्यक्त झाला आणि जहाजे शेजारच्या टर्मिनलांकडे वळवावी लागली. १९ जुलै २०२४ रोजी तर हल्लेखोरही नव्हता. क्राउडस्ट्राइक या संरक्षण-प्रणालीच्या एका सदोष सुधारणेने जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले आणि भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास देण्यात आले. त्या दिवशी विमाने उडू शकली याचे बरेचसे श्रेय, हाताने पास कसा लिहावा हे अजून ठाऊक असणाऱ्या कर्मचाऱ्यांना द्यावे लागेल.

तेव्हा करावयाचे काय? संगणक टाकून द्यावा असे कोणी म्हणणार नाही. तीन गोष्टी मात्र करण्याजोग्या आहेत. सार्वजनिक उपयोगाच्या प्रत्येक संस्थेने, मग ते बंदर असो, बँक असो वा विद्यापीठाचा परीक्षा विभाग असो, वर्षातून एक दिवस ठरवून आपले काम संगणकाविना, कागदावर चालवून पाहावे. आगीच्या कवायतीला कोणी कालापव्यय म्हणत नाही. दुसरे, जाळ्यापासून अलग ठेवलेली प्रत आणि तिची वेळोवेळी घेतलेली परीक्षा ही परवान्याची अट असावी. तिसरे, यंत्रणा बंद पडल्यास मालाचे भाडे व विलंबशुल्क आपोआप माफ होईल, असा नियम आधीच लिहून ठेवावा, म्हणजे ट्रेलरचालकाला आणि छोट्या व्यापाऱ्याला दयेची याचना करावी लागणार नाही. भुर्दंड स्वतःवर पडतो हे कळले की संस्थांना राखीव प्रतीची किंमतही कळू लागेल.

कोकणातला शेतकरी पुढल्या वर्षाचे बियाणे वेगळे बांधून ठेवतो आणि अडचणीच्या दिवसांतही त्याला सहसा हात लावीत नाही. त्या धान्याला तो ‘पडून राहिलेले’ म्हणत नाही. संगणकाच्या युगातील संस्थांनी आणि घरांनीही आपापले बियाणे कोठे बांधून ठेवले आहे, हे पडदा उजळलेला असतानाच पाहून घेतले पाहिजे.