कापलेलं फुटेज कुणाचं?

साखर कारखान्याची वार्षिक सभा, लग्नाचा सीझन, पुढाऱ्याचा वाढदिवस यांवर माझ्या कॅमेऱ्याचे हप्ते फिटतात. उरलेल्या वेळात मी माहितीपटासाठी प्रतिसरकारच्या मागावर सातारा-सांगलीची गावं फिरतो. त्याचे पैसे कुणी देत नाही. तक्रार ती नाही, वेगळीच आहे.

क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांविरुद्धचं समांतर सरकार, १९४३ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्यात उभं राहिलं, त्यात आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भागही आला. त्याच साली इंग्रज सरकारने ‘इंडियन न्यूज परेड’ सुरू केली आणि थिएटरांना ती दाखवणं सक्तीचं केलं. म्हणजे कॅमेरा होता, पण युद्धाच्या प्रचाराला जुंपलेला. भूमिगतांनी फोटो काढून घेणं म्हणजे पोलिसांच्या हाती आयतं कोलीत. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेने सरकारी पगाराची रेल्वे अडवली, तिथे कोण कॅमेरा नेणार?

तेव्हा हा इतिहास राहिला माणसांच्या तोंडी. कुंडलचे कॅप्टन भाऊ लाड आणि नानांच्या कन्या हौसाताई यांना ‘परी’ (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळाच्या पत्रकारांनी बोलतं केलं, हे थोर काम झालं. चौकीसमोर खोट्या नवऱ्याने हौसाताईंना बडवायचं, पोलीस सोडवायला बाहेर आले की साथीदारांनी आतली हत्यारं पळवायची, असा तो डाव. मार मात्र खराच बसला, ही ताईंची तक्रार म्हातारपणीही कायम होती. ताई २०२१ मध्ये गेल्या, भाऊ २०२२ मध्ये.

कुंडलकडच्याच एका आजींना मी शेणोलीचं विचारत होतो आणि त्या भाकरीचं सांगत होत्या. अपरात्री माणसं यायची. चुलीचा उजेड बाहेर दिसू नये म्हणून दाराला घोंगडं लावायचं. एकाच घरातून जास्त पीठ मागितलं तर संशय येणार, म्हणून तीन घरांतून वाटी-वाटी आणायचं. नातू मधेच म्हणाला, “आजी, नाना पाटलांचं सांग की!” आजींनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अर्ध्या तासाच्या फिल्मला यातलं अर्धं मिनिट परवडतं. बाकी सगळं माझ्या कपाटातल्या डिस्कवर.

अशा डिस्का, कॅसेटी किती जणांकडे पडून असतील! २०१९च्या महापुरात सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजली. घरातल्या डिस्कची काय कथा. फिल्मला अनुदान द्या म्हणून आम्ही कंठशोष करतो. त्याआधी कच्चं फुटेज जपायची, ते उतरवून काढायची सोय हवी. एक प्रत सांगलीत, दुसरी साताऱ्यात, उंचावर.

आमच्यातले काही कुरकुरतील: कष्ट आमचे आणि आयत्या पिठावर रेघोट्या दुसऱ्यांच्या. त्यावर पहिली पाच वर्षं ते दुसऱ्यांनी वापरायचं नाही, अशी अट घालता येईल. खरी अडचण दुसरी आहे. प्रतिसरकारच्या न्यायनिवाड्यांत ज्यांनी तळपायावर मार खाल्ला, त्यांचीही नातवंडं त्याच गावांत नांदतात, आणि आजी-आजोबा कॅमेऱ्यासमोर नावं घेतात. तेवढा भाग किती वर्षं बंद ठेवायचा, हे बोलणाऱ्यांच्या घरच्यांना विचारून लिहून घ्यावं लागेल. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने असा एक साधा करारनामा तयार केला, तर माझी डिस्क मी पहिल्या एसटीने तिथे नेऊन देतो.