औषध तळ्यात नव्हे, माशाच्या अंगात

शेततळ्यातल्या रोहूच्या अंगावर लाल चट्टे उठले, दोन-चार खवले गळून खाली जखम दिसू लागली, की पहिला प्रश्न येतो : कुठली पावडर टाकायची? आजवर उत्तर होतं प्रतिजैविक. आता रोगाणुनाशक पेप्टाइडचं नाव पुढे केलं जातं, आणि त्यासोबत एक छातीठोक दावा : ही छोटी प्रथिनं जिवाणूच्या पटलालाच भोकं पाडतात, तेव्हा त्यांना दाद न देणारा जिवाणू निपजणारच नाही.

हा दावा खोटा ठरला आहे. १९८७ मध्ये आफ्रिकी बेडकाच्या कातडीत मॅगेनिन हे पेप्टाइड सापडल्याचं जाहीर करणारे मायकेल झॅस्लॉफ यांनाही असा प्रतिरोध जवळपास अशक्य वाटे. उत्क्रांतितज्ज्ञ ग्रॅहॅम बेल यांना ते पटेना. मॅगेनिनवर बेतलेल्या औषधाची मात्रा चढवत सहा-सातशे पिढ्या जिवाणू वाढवले, तेव्हा २४ पैकी २२ वाणांनी त्याला दाद देणं सोडलं. २००६ च्या त्या शोधनिबंधावर झॅस्लॉफ यांचंही नाव आहे. आपलंच मत खोडणाऱ्या निबंधाला नाव द्यायला मोठं मन लागतं. कोलिस्टिन हे प्रतिजैविकसुद्धा पेप्टाइडच. ते जनावरांना सर्रास चारलं गेलं, आणि २०१५ मध्ये चीनमधून त्याला निष्प्रभ करणाऱ्या, जिवाणूंत सहज पसरणाऱ्या जनुकाची बातमी आली. भारताने २०१९ मध्ये मत्स्यशेतीसह पशुपालनात कोलिस्टिनवर बंदी घातली.

म्हणून पेप्टाइड निकामी? मुळीच नाही. ती माशाच्या अंगातच असतात. मत्स्यरोगतज्ज्ञ एडवर्ड नोगा आणि त्यांच्या सहकाऱ्याला २००१ मध्ये संकरित बास माशाच्या मास्ट या रोगप्रतिकारक पेशींत पिसिडिन हे पेप्टाइड सापडलं : कल्ल्यांवर, कातडीवर जंतू पोचतो तिथेच साठा तयार. नोगांच्याच चमूला असंही दिसलं, की ताणाखालच्या कॅटफिशच्या कातडीतली जंतुनाशक प्रथिनं घटतात. माझा मुद्दा इथे आहे. तळ्यात दुप्पट बोटुकली सोडून, दाटीचा ताण देऊन आपणच माशाच्या हातातलं शस्त्र काढून घेतो, आणि मग तेच शस्त्र पुडीतून विकत आणतो. चारलेलं पेप्टाइड बरंचसं आतड्यात पचून जातं, ते वेगळंच.

माशाच्या स्वतःच्या ताकदीवर भिस्त ठेवणं हे स्वप्नरंजन नव्हे. नॉर्वेत १९८७ च्या सुमारास माशांसाठी वर्षाला जवळपास ५० टन प्रतिजैविकं खपत. लशी आल्या, आणि आज १२ लाख टनांहून जास्त सामन पिकवताना एखाद्या टनावर भागतं. आपल्या रोहू-कटल्याला तशी लस सर्रास मिळेपर्यंत हातात आहे ते करावं. पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकत असतील, तर दुकान गाठण्याआधी एअरेटर लावा आणि एकरी किती बोटुकली सोडली होती ते वहीत पाहा.