वाटाड्या आपला हवा, नकाशाही खरा हवा

परगावच्या माणसाने वेशीत शिरताना पारावर बसलेल्यांना वाट विचारावी आणि त्यांनी हात करून दिशा दाखवावी, ही आपल्याकडची जुनी रीत. आता हे काम मोटारीतील पडद्याने हाती घेतले आहे. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या दर्शनासाठी पंजाबातून येणारा भाविक, माहूरच्या रेणुकामातेला निघालेले लातूरचे कुटुंब, उदगीरच्या बाजारपेठेत माल पोहोचवणारा चालक, हे सारे त्या पडद्यावरील रेषेवर विसंबून गाडी हाकतात. बहुतेक वेळा हा विश्वास सार्थ ठरतो. जेव्हा तो फसतो तेव्हा मात्र सारा दोष यंत्रावर टाकून विषय संपवला जातो. या सवयीचा गंभीरपणे विचार व्हायला हवा.

जानेवारी २०२१ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले परिसरात रात्रीच्या वेळी नकाशाच्या आधाराने निघालेली मोटार पाण्याखाली गेलेल्या पुलावरून थेट पाण्यात गेली आणि एकाला प्राण गमवावे लागले. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरील अर्धवट पुलावरून मोटार कोसळून तिघांचा मृत्यू झाला. त्या पुलाचा भाग आधीच पुरात वाहून गेला होता. पुढे सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अभियंत्यांवरही गुन्हा नोंदवला गेला. या घटनांत नकाशा मोबाईलवरचा होता, परंतु मोटारीत कारखान्यातूनच बसवून आलेल्या यंत्राची जातकुळी वेगळी नाही. उलट, मोबाईलवरील नकाशा निदान वरचेवर सुधारला जातो. मोटारीच्या यंत्रात गाडी तयार होताना भरलेला नकाशा अनेकदा वर्षानुवर्षे तसाच राहतो. त्याचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे. बालाघाटच्या डोंगररांगांत मोबाईलचे जाळे तुटते, तेथेही हे यंत्र काम करत राहते.

हे यंत्र दोन गोष्टींच्या आधारावर चालते. पहिली आकाशात आहे. किमान चार उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतांच्या वेळेतील सूक्ष्म फरकावरून गाडीचे स्थान काढले जाते. मोकळ्या आकाशाखाली ते साधारण पाच-दहा मीटरपर्यंत अचूक असते. दुसरी गोष्ट जमिनीवरची आहे, ती म्हणजे त्या स्थानाभोवतीचा नकाशा. उपग्रह केवळ अक्षांश-रेखांश सांगतो. तेथे रस्ता आहे की शेत, पूल शाबूत आहे की खचलेला, हे त्याला ठाऊक नसते. महामार्ग आणि त्याला लागून जाणारा सेवारस्ता यांत जेमतेम दहा मीटरचे अंतर असेल तर यंत्र गोंधळते आणि नको तेथे वळायला सांगते. 'सर्वांत जवळचा मार्ग' मागितला की पाणंदीलाही ते रस्ता समजते. तुळजापूरहून लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा बुटीबोरीपर्यंत जाणारा ३६१ क्रमांकाचा महामार्ग चौपदरीकरणाने पार बदलला. त्याआधीचा नकाशा बाळगणारे यंत्र आजच्या चालकाला कालच्या रस्त्यावर नेणार, यात नवल नाही.

लातूर-नांदेडच्या भूमीने तर नकाशा करणाऱ्यांची विशेष परीक्षा पाहिली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील ५२ गावे मूळ गावठाण सोडून नव्या जागी वसली. एकाच नावाची दोन ठिकाणे झाली, एक ढिगाऱ्याचे आणि एक नांदते. नावांचा घोळ निराळाच. एकट्या लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहे आणि शिरूर ताजबंदही आहे. बीडमध्ये शिरूर कासार आहे, पुणे जिल्ह्यात आणखी एक शिरूर आहे. बुद्रुक आणि खुर्द यांतला भेद यंत्राला कळेलच असे नाही. रोमन लिपीत टंकताना ळ आणि ल यांतील फरक नाहीसा होतो, मग नळेगाव शोधणाऱ्याने काय करावे? मराठवाड्यातील रस्ता मराठी अक्षरांत शोधता यावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

२०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावे अधिकृत झाली. जुन्या राजवटींच्या खुणा पुसण्याच्या या निर्णयाचे अनेकांनी मनापासून स्वागत केले. परंतु त्याआधी भरलेल्या नकाशात ही नावे सापडणार नाहीत. राजपत्रात नाव बदलणे हे अर्धे काम झाले. ते फलकावर, तिकिटावर आणि मोटारीच्या पडद्यावर उमटेपर्यंत पाठपुरावा करणे हे उरलेले अर्धे.

नकाशा ज्याच्या हाती, भूमीवर सत्ता त्याची, हे इंग्रजांनी फार लवकर ओळखले होते. १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लँब्टनने भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला. निजामाच्या मुलखातून, उदगीरच्या शेजारच्या बिदरजवळून त्याची मोजणी उत्तरेकडे सरकत गेली आणि १८२३ मध्ये हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. त्याची चिकाटी वादातीत होती, परंतु ती कंपनी सरकारच्या कामी आली. आपल्या भूमीचे मोजमाप परक्याने केले आणि ते परक्याच्याच उपयोगी पडले.

आकाशातील परावलंबनाचा अनुभवही जुना नाही. अमेरिकेने मे २००० पर्यंत आपल्या उपग्रहांच्या नागरी संकेतात मुद्दाम चूक ठेवली होती. १९९९ च्या कारगिल युद्धात ही माहिती भारताला नाकारली गेली, असे सांगितले जाते. भारताने स्वतःची उपग्रहमालिका उभारली, २०१६ मध्ये तिला 'नाविक' हे नाव मिळाले. ही वाट सोपी नव्हती. काही उपग्रहांची परदेशी बनावटीची अणुघड्याळे बंद पडली. २०१७ मधील एक प्रक्षेपण उष्णतारोधक आवरण न सुटल्याने फसले. मे २०२३ मधील उपग्रहात स्वदेशी अणुघड्याळ बसले, तर जानेवारी २०२५ मधील उपग्रह नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. अपयश झाकण्याची गरज नाही. आपली त्रुटी आपणच दुरुस्त करतो तेव्हाच स्वावलंबन पक्के होते.

मात्र केवळ उपग्रह सोडून ही साधना पूर्ण होत नाही. 'नाविक' उद्या निर्दोष झाला तरी मांजरा-तेरणेवरील ठेंगणा पूल पाण्याखाली आहे, हे त्याला कोण सांगणार? ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातील गावांना पाण्याचा वेढा पडला, तेव्हा कोणती वाट बंद आहे हे गावकऱ्यांना ठाऊक होते. गावाची ही माहिती यंत्रापर्यंत नेणारी व्यवस्था हवी. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र शासनाने नकाशांवरील जाचक बंधने सैल केली आणि भारतीय संस्थांना पूर्वपरवानगीविना नकाशे करण्याची मुभा दिली. त्या मुभेचे चीज स्थानिक पातळीवर व्हायचे आहे. पूल बंद केल्याची नोंद बांधकाम विभागाने त्याच दिवशी जाहीर नकाशावर करावी. वाटेवर ठळक अडथळा आणि मराठी फलक उभारावा. ग्रामपंचायतीने आपल्या वाड्या, तांडे आणि पाणंदी यांची नावे तपासून द्यावीत. गाडी विकणाऱ्यांनी नकाशाच्या नूतनीकरणाची हमी लेखी द्यावी आणि ग्राहकाने ती मागावी.

नांदेडच्या विद्यापीठाला हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सेनानी स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव आहे. तेथील आणि लातूरच्या महाविद्यालयांतील भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी सुटीत आपापल्या गावाचे रस्ते पायी फिरून नोंदवले तरी मोठे काम उभे राहील. त्यासाठी ना मोठा निधी लागतो, ना मंत्रालयाचा आदेश. स्वयंसेवी वृत्तीची चार तरुण मुले आणि गावाची वाट जाणणारा एक वडीलधारा एवढ्यावर त्याची सुरुवात होऊ शकते. पुढील पावसाळ्यापूर्वी ती व्हावी.