धातूची भुकटी आणि रुमाल

दोन महिन्यांपूर्वी पंचविशीतला एक तरुण माझ्याकडे खोकल्याची तक्रार घेऊन आला. रात्री खोकला वाढे, छातीत सूं-सूं आवाज येई. क्षयाची तपासणी झालेली, छातीचा फोटो स्वच्छ, विडी-सिगारेटचे व्यसन नाही. "गणपतीला आठ दिवस गावी होतो तेव्हा मात्र अगदी बरा होतो, डॉक्टर," असे तो सहज बोलून गेला आणि मी सावध झालो. सुट्टीत थांबणारा व कामावर रुजू होताच परतणारा खोकला बहुधा कामाच्या जागेतूनच आलेला असतो.

हा तरुण दातांच्या कॅप बनविणाऱ्या लॅबमध्ये आहे. कोबाल्ट-क्रोमची भुकटी थराथराने पसरायची आणि हवी तेथे लेसरने वितळवायची, असे हे थ्री-डी प्रिंटिंग. न वितळलेली भुकटी चाळून पुन्हा वापरतात. महाग धातू वाया का घालवावा? त्यात गैर काहीच नाही. पण ती चाळतो कोण व कशी, हे कोणी विचारीत नाही. हा मुलगा तोंडाला रुमाल बांधून उघड्यावर चाळणी हलवीत होता. सांडलेली भुकटी झाडूने गोळा करायची, अंगावरची हवेच्या पाइपने उडवायची आणि त्याच कपड्यांनी घरी जाऊन मुलीला उचलून घ्यायचे!

या भुकटीचे कण साधारण १५ ते ४५ मायक्रॉनचे. आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. त्यातले अतिबारीक कण आणि लेसरमुळे उठणारी काजळी छातीत खोल उतरते. कोबाल्टने दमा जडू शकतो, त्वचेवर पुरळ उठते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ साली कोबाल्ट धातूला 'बहुधा कर्करोगकारक' ठरविले. टायटॅनियमची भुकटी तर ठिणगीनेही पेटते, आणि त्या आगीवर पाणी मारणे जिवावर बेतू शकते.

बंद चाळणीयंत्र परवडत नाही, असे मालक सांगतात. भुकटीचा ग्रॅमन्‌ग्रॅम वाचविणाऱ्यांनी हे म्हणावे, याचे मला नवल वाटते. निदान चेहऱ्याला घट्ट बसणारा धूळरोधक मास्क (दाढीवर तो बसत नाही, हेही ध्यानात ठेवावे), हातमोजे, झाडूऐवजी ओले फडके, कामाचे कपडे तेथेच बदलण्याची सोय आणि वर्षातून एकदा फुंकर मारून फुप्फुसाची तपासणी, एवढे तरी करायला काय हरकत आहे?

माझी चिठ्ठी पाहून मालकांनी त्याला कॉम्प्युटरवर बसविले. खोकला आता बराच उतरला आहे. चाळणीवर दुसरा मुलगा आला आहे. तोही रुमालच बांधतो.