आधी मसुदा, मग उत्तर

बँक, वीज कंपनी, रेल्वे किंवा विद्यापीठ यांच्याकडे तक्रार करावयाची झाल्यास पूर्वी माणसाला खिडकीपाशी उभे राहावे लागे. आज बऱ्याच ठिकाणी त्या खिडकीची जागा संगणकाने घेतली आहे. तक्रार ई-मेलने येते किंवा संकेतस्थळावर नोंदविली जाते. हेल्प डेस्कचे सॉफ्टवेअर तिला एक क्रमांक देते. अशा क्रमांकित तक्रारीला ‘तिकीट’ म्हणतात. ते तिकीट कर्मचाऱ्याच्या पडद्यावर येते, त्याखाली एक रिकामी चौकट असते; तीत उत्तर लिहावयाचे आणि ‘पाठवा’ हे बटण दाबावयाचे. तक्रारदाराला त्या संस्थेचे जे दर्शन घडते, ते या चौकटीतून आलेल्या चार-सहा ओळींतूनच. म्हणून त्या ओळी कोठे आणि कशा लिहिल्या जातात, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

या कामाचा पसारा आता फार मोठा झाला आहे. ‘रिक्वेस्ट ट्रॅकर’ ही या प्रकारातील जुनी व मुक्त प्रणाली १९९६ मधील. ‘झेनडेस्क’ २००७ मध्ये कोपनहेगन येथे, तर ‘फ्रेशडेस्क’ २०१० मध्ये आपल्या चेन्नईत सुरू झाली. केंद्र सरकारनेही २००७ मध्ये नागरिकांच्या तक्रारींसाठी ‘सीपीग्राम्स’ ही संगणकीय व्यवस्था उभी केली. बंगळुरू, हैदराबाद, पुणे, गुरुग्राम अशा शहरांत असंख्य तरुण-तरुणी तिकिटांना उत्तरे देण्याचे काम करतात. म्हणजे लेखन हाच त्यांचा व्यवसाय झाला आहे. मात्र त्या कामाकडे लेखन म्हणून क्वचितच पाहिले जाते.

ते लेखन आहे असे मानले, तर त्याला लेखनाची शिस्तही हवी. त्या शिस्तीची पहिली पायरी अगदी साधी आहे. उत्तर थेट चौकटीत न लिहिता ते आधी टेक्स्ट एडिटरमध्ये लिहावे, वाचून पाहावे आणि मगच चौकटीत चिकटवावे. टेक्स्ट एडिटर म्हणजे निव्वळ मजकूर लिहिण्याचे साधन. त्यात अक्षरांचे रंग, आकार, तक्ते यांचा पसारा नसतो, त्यामुळे चौकटीत नेताना मजकुरासोबत छुपी सजावट जात नाही. विंडोजसोबत १९८५ पासून मिळणारे ‘नोटपॅड’, २००३ पासून विनामूल्य उपलब्ध असलेले ‘नोटपॅड प्लस प्लस’, किंवा युनिक्सवर १९७६ मध्ये तयार झालेला ‘व्हीआय’ ही त्याची परिचित उदाहरणे होत.

ही पद्धत नवी नाही. कार्यालयांत पत्राचा आधी मसुदा होत असे. कारकून रुंद समास सोडून लिही, वरिष्ठ त्या समासात दुरुस्त्या करीत, आणि त्यानंतर स्वच्छ प्रत तयार होऊन ती टपालात पडे. संगणकाच्या जगातही हीच वाट होती. युनिक्सवर पत्र पाठविणारे साधन वेगळे आणि लिहिण्याचे साधन वेगळे असे. लिहावयाची वेळ आली की वापरणाऱ्याने निवडलेला एडिटर उघडे. पुढे लिहिणे आणि पाठविणे एकाच चौकटीत आले. वेळ वाचला हे खरे. परंतु त्या घाईत मसुद्याची पायरीच नाहीशी झाली.

मसुद्याची पायरी गेल्याचे तोटे रोज दिसतात. उत्तर लिहिता लिहिता लॉगिनची मुदत संपते वा इंटरनेट तुटते, आणि अर्ध्या तासाचे लेखन कधी कधी नाहीसे होते. काही प्रणाली मजकूर आपोआप जतन करतात, पण सगळ्याच करतात असे नाही. याहून मोठा धोका निराळाच आहे. बऱ्याच प्रणालींत सहकाऱ्यांसाठीची अंतर्गत नोंद आणि तक्रारदाराला जाणारे उत्तर एकाच चौकटीत लिहावे लागते. त्यांतले कोणते हे एका कळीने ठरते. ती कळ चुकली की ‘हे गृहस्थ फार त्रास देतात’ ही आपसातली शेरेबाजी थेट त्या गृहस्थांच्या हाती पडते. धनुष्यातून सुटलेला बाण परत येत नाही, तसेच हे. टेक्स्ट एडिटरला ‘पाठवा’ हे बटणच नसते, हा त्याचा मोठा गुण होय.

तरीही मसुद्याचे खरे मोल अपघात टाळण्यापुरते नाही. समजा, मुक्त शिक्षण घेणारी एक विद्यार्थिनी कळविते की, परीक्षा शुल्काचे पैसे तिच्या खात्यातून गेले, पण पावती निघाली नाही. आणि मुदत परवा संपते आहे. तिला उत्तर येते: ‘आपली तक्रार नोंदविण्यात आली आहे. तीन दिवसांत कार्यवाही होईल. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ या उत्तरात व्याकरणाची चूक नाही, उद्धटपणाही नाही. पण तीन दिवसांनी मुदत उलटून गेलेली असेल. पैसे पुन्हा भरावेत की थांबावे, या तिच्या प्रश्नाला त्यात उत्तर नाही.

तेच उत्तर एडिटरमध्ये लिहावयाचे ठरविले, तर काय होते ते पाहावे. कर्मचारी तिचे पत्र वरच्या बाजूला ठेवतो आणि त्यातले प्रश्न एकाखाली एक मांडतो. पैसे कोठे अडकले? पुन्हा भरावेत का? मुदत चुकली तर नुकसान होईल का? प्रत्येक प्रश्नापुढे काही लिहावयाचे म्हटले की, आपल्याला काय ठाऊक नाही हे त्याचे त्यालाच कळते. मग तो लेखा विभागाला विचारतो, नियम पाहतो, आणि लिहितो: ‘आपले पैसे बँकेकडे अडकले आहेत, ते बुडालेले नाहीत. पुन्हा भरू नयेत. आपला अर्ज मुदतीत आला असे धरले जाईल. उद्या सायंकाळी पाचपर्यंत पावती न मिळाल्यास याच तिकिटावर कळवावे.’ ही वाक्ये मुळीच अलंकारिक नाहीत. परंतु यातले प्रत्येक वाक्य तपासून लिहिलेले आहे. मसुदा भाषा सुधारतो त्याआधी माहितीतली उणीव उघडी करतो.

मराठीत व इतर भारतीय भाषांत उत्तर देणाऱ्यांना आणखी एक काळजी घ्यावी लागते. देवनागरी लिपी १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत आली, तरी त्यानंतरही बरीच वर्षे जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लेखन होत राहिले. तो मजकूर दुसऱ्या प्रणालीत चिकटविला की त्याची निरर्थक चिन्हे होतात. जुन्या नोटपॅडमध्ये देवनागरी मजकूर योग्य पर्याय न निवडता जतन केला, तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राही. २०१९ मधील विंडोज १० च्या आवृत्तीपासून नोटपॅड नवी फाइल ‘यूटीएफ-८’ या सर्वमान्य पद्धतीने आपोआप जतन करते, त्यामुळे ही अडचण बरीच कमी झाली आहे. तरीही मजकूर चौकटीत नेल्यावर एकदा नजरेखालून घालणे इष्ट.

या पद्धतीवर मुख्य आक्षेप वेळेचा घेतला जातो. किती मिनिटांत उत्तर गेले यावर कर्मचाऱ्याचे काम मोजले जात असेल, तर त्याने मसुदे करीत बसावे कसे, असे विचारले जाते. आक्षेप रास्त आहे. पण अपुरे उत्तर गेले की तोच तक्रारदार दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहितो, अधिक चिडून लिहितो, आणि एका कामाची दोन कामे होतात. घड्याळ पहिल्या उत्तराचा वेळ मोजते, प्रश्न सुटेपर्यंतचा वेळ मोजत नाही. हा दोष मोजमापाचा आहे. शिवाय वारंवार लागणारी वाक्ये एका फाइलमध्ये जपून ठेवता येतात. तयार वाक्ये वापरण्यात कमीपणा नाही, ती न वाचता पाठविण्यात आहे. अलीकडे हेल्प डेस्कची सॉफ्टवेअरे स्वतःच उत्तर सुचवू लागली आहेत. ते सुचविलेले उत्तरही मसुदाच समजावे.

अर्थात तारतम्य हवेच. ‘आपली रक्कम मिळाली’ एवढेच कळवावयाचे असेल, तर मसुद्याची गरज नाही. जुना मजकूर उचलताना एकाचे नाव दुसऱ्याच्या पत्रात जाणार नाही, हे पाहावे. मसुद्याच्या फाइलमध्ये तक्रारदाराचा पत्ता, दूरध्वनी वा खाते क्रमांक राहून जाऊ नये. काम झाल्यावर ती फाइल पुसून टाकावी. जे दुसऱ्याचे आहे ते आपल्या संगणकावर साठविण्याचा अधिकार कोणाला नाही.

तक्रार करणारा माणूस बहुधा अडचणीत असतो. त्याची भाषा कधी अडखळते, कधी तापते. आपला प्रश्न नेमका मांडणेही प्रत्येकाला जमत नाही. त्याच्या बाजूने ही उणीव क्षम्य आहे, कारण लिहिणे हे त्याचे काम नाही. उत्तर देणाऱ्याचे मात्र ते काम आहे आणि त्याचे त्याला वेतन मिळते. लिहिणे आणि पाठविणे यांच्यामध्ये त्याने दोन मिनिटांचे अंतर ठेवले, तर त्या दोन मिनिटांत पलीकडच्या माणसाचे आठ दिवसांचे हेलपाटे वाचू शकतात.