उशाशी ठेवलेली कुंडी

घरात कोणी दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेले असले, की खोलीतल्या कुंडीचा प्रश्न आज ना उद्या निघतोच. वडीलधारी मंडळी सांगतात, "दिवे लागले की कुंडी बाहेर काढा, रात्री झाडे विषारी वायू सोडतात." मोबाइलवर फिरणारा एखादा संदेश नेमके उलट सांगतो: अमुक रोप चोवीस तास प्राणवायू देते, ते रुग्णाच्या उशाशी ठेवा, यंत्राची गरजच उरणार नाही. पहिला सल्ला मानल्याने फारसे बिघडत नाही. कुंडी उचलणाऱ्याची कंबर तेवढी दुखते. दुसऱ्यावर विसंबून कोणी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर बंद केला, तर मात्र गाठ प्राणाशी आहे. या दोन्ही सल्ल्यांत सत्याचा अंश किती, हे ठरवायचे तर हिरवे पान नेमके काय करते आणि ते माणसाला कसे उमगले, हे आधी पाहावे लागेल. या शोधात वैद्यांचा वाटा मोठा आहे, ही आम्हा डॉक्टरांना सुखावणारी गोष्ट.

झाड वाढते ते माती खाऊन, असा समज फार पुरातन. ब्रुसेल्सचे वैद्य यान बाप्टिस्टा फान हेल्माँट यांनी तो तोलून पाहिला. त्यांनी २०० पौंड कोरड्या मातीत पाच पौंडांचे वाळुंजाचे रोप लावले आणि पाच वर्षे केवळ पाणी घातले. झाडाचे वजन १६९ पौंडांवर गेले. माती घटली ती अवघी दोन औंस. झाड पाण्यापासूनच घडते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष अर्धाच बरोबर होता, कारण हवेकडे त्यांचे लक्ष गेले नव्हते.

ते गेले जोसेफ प्रीस्टली या इंग्रज धर्मोपदेशकाचे. बंद भांड्यात मेणबत्ती जळून विझली, की त्या हवेत दुसरी ज्योत तगत नाही, उंदीरही जगत नाही. १७७१ च्या ऑगस्टमध्ये लीड्स येथे त्यांनी अशा हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. दहा दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळू लागली. मात्र हा प्रयोग कधी साधे, कधी फसे. त्यामागचे कारण प्रीस्टलींना सापडले नाही.

ते शोधले यान इंगेनहाउझ या डच डॉक्टरांनी. १७६८ मध्ये व्हिएन्नाच्या राजघराण्यातील मुलांना देवीची लस टोचून त्यांनी नाव कमावले होते. ती नंतरची गोस्तनदेवीची लस नव्हे. देवीच्याच फोडातील लस टोचण्याची ती जुनी पद्धत होती. १७७९ च्या उन्हाळ्यात लंडनजवळ राहून त्यांनी पाचशेहून अधिक प्रयोग केले. पाण्यात बुडवलेल्या पानांवर उन्हात वायूचे बुडबुडे जमत. अंधार केला की ते थांबत. हे काम झाडाचे केवळ हिरवे भाग करीत. मुळे, फुले, फळे करीत नसत. झाडे उन्हात हवा शुद्ध करतात आणि सावलीत व रात्री बिघडवतात, हे त्यांच्या ग्रंथाच्या लांबलचक नावातच आले आहे. आपल्या वडीलधाऱ्यांच्या सल्ल्यामागचे निरीक्षण ते हेच. परंतु रात्रीचे बिघडवणे दिवसाच्या शुद्धीकरणापुढे अगदी थोडे असते, हेही त्यांनी नोंदवले होते. ते वाक्य मात्र वाटेत गळून पडले.

पुढे जिनिव्हाच्या झाँ सेनेबिये यांनी १७८२ मध्ये दाखवले, की या कामी हवेतील कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, लागतो. त्याच शहरातील निकोला-तेओदोर द सोस्यूर यांनी १८०४ मध्ये काटेकोर मोजमाप करून सिद्ध केले, की झाडाच्या वजनात कर्बाबरोबर पाण्याचीही भर पडते. मग आणखी एक डॉक्टर आले. युलिउस रोबेर्ट मायर हे जहाजावरचे जर्मन वैद्य. १८४० मध्ये जावा बेटावर खलाशांचे रक्त काढताना त्यांच्या नजरेस आले, की नीलेतील रक्त अपेक्षेपेक्षा अधिक लाल आहे. उष्ण प्रदेशात शरीराला ऊब राखण्यासाठी कमी इंधन जाळावे लागत असावे, या विचारातून ते ऊर्जेच्या अविनाशित्वापर्यंत पोहोचले. १८४५ मध्ये त्यांनी मांडले, की वनस्पती सूर्याचा प्रकाश पकडतात आणि रासायनिक ऊर्जेच्या रूपाने साठवतात. आपण भाकरी खातो, तेव्हा तेच साठवलेले ऊन अंगात उतरते.

आता उरला आपल्या कुंडीचा कळीचा प्रश्न: पानातून बाहेर पडणारा प्राणवायू येतो कोठून? तो कर्बवायूतून सुटतो, असे दीर्घकाळ मानले जाई. १९३० च्या दशकाच्या अखेरीस केंब्रिजच्या रॉबर्ट हिल यांनी पानातील हरितकण वेगळे काढून दाखवले, की कर्बवायू नसतानाही, योग्य रसायन पुरवल्यास, ते उजेडात प्राणवायू सोडतात. १९४१ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे सॅम्युएल रूबेन आणि मार्टिन कामेन यांनी प्राणवायूचा वजनदार प्रकार वापरून माग काढला. पाण्यात तो मिसळला, तर बाहेर येणाऱ्या वायूत सापडे. कर्बवायूत मिसळला, तर तेथे सापडत नसे. प्राणवायू येतो तो पाण्यातून.

म्हणजे पानात दोन कामे चालतात. हरितद्रव्य प्रकाश शोषते, त्या बळावर पाण्याचे रेणू फोडले जातात, प्राणवायू बाहेर पडतो आणि ऊर्जा साठते. दुसऱ्या कामात त्या ऊर्जेने कर्बवायूपासून शर्करा घडवली जाते. ही शर्करा कोणत्या पायऱ्यांनी घडते, हे मेल्विन कॅल्व्हिन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम यांनी किरणोत्सारी कर्बाच्या साहाय्याने उलगडले. त्यासाठी कॅल्व्हिन यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पाणी फोडण्याचे काम उजेडावाचून होत नाही. म्हणून अंधारात कोणतेही झाड प्राणवायू देत नाही. तुळस नाही, पिंपळ नाही, स्नेक प्लांटही नाही.

मग चोवीस तासांची कथा आली कोठून? कोरफड, निवडुंग, स्नेक प्लांट, पानफुटी अशा काही वनस्पती पाणी वाचवण्यासाठी आपली पर्णरंध्रे रात्री उघडतात आणि कर्बवायू आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतात. पानफुटीची पाने सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागतात, हे बेंजामिन हाइने यांनी भारतातील वास्तव्यानंतर १८१३ च्या एका पत्रात लिहून ठेवले आहे. साठवलेले आम्ल दिवसा वापरले जाते, आणि प्राणवायूही दिवसाच सुटतो. रात्री कर्बवायू घेणे म्हणजे रात्री प्राणवायू देणे, हा अर्थ लोकांनी जोडला.

आता थोडा हिशेब. स्वस्थ पडून असलेल्या प्रौढ माणसाला मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर, म्हणजे ताशी १५ लिटर प्राणवायू लागतो. भर उन्हात एक चौरस मीटर पाने ताशी साधारण एक ते दोन लिटर देतात. एका माणसाची दिवसाची गरज भागवायलाही भर उन्हातली दहा-पंधरा चौरस मीटर पाने हवीत. आणि बंद खोलीतला उजेड उन्हाच्या शंभराव्या भागाइतकाही नसतो. उशाशी ठेवलेली कुंडी या हिशेबात कोठेच बसत नाही. उलट बाजूही पाहा. सोबतीला झोपलेला माणूस आठ तासांत ८० ते १०० लिटर कर्बवायू सोडतो. कुंडीतले रोप रात्रभरात लिटरभरही सोडत नाही. सोबतीच्या माणसाला आपण खोलीबाहेर काढत नाही. मग कुंडीलाच का भ्यावे?

तेव्हा रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. घरी लावून दिलेला ऑक्सिजन हे औषध आहे. तो किती, किती तास आणि कोणत्या पातळीसाठी घ्यायचा, हे आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. फुप्फुसाच्या जुनाट विकाराच्या अनेक रुग्णांत ही पातळी ८८ ते ९२ टक्के अशी मुद्दाम मर्यादित ठेवलेली असते. तेथे आपल्या मनाने प्रवाह वाढवणेही घातक ठरते. पातळी ठरलेल्या मर्यादेखाली उतरली, ग्लानी आली किंवा ओठ निळसर दिसले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. ऑक्सिजन सुरू असलेल्या खोलीत समई, निरांजन, उदबत्ती लावू नये. प्रीस्टलींची ज्योत ज्या वायूने पुन्हा जळू लागली, तोच हा वायू.

कुंडी ठेवायची असेल, तर खुशाल ठेवावी. दमा असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाच्या खोलीत मात्र ओलसर माती नको, कारण तिच्यात बुरशी वाढते. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये, डेंग्यूचे डास तेथेच वाढतात. आणि शक्य असल्यास कुंडी खिडकीशी ठेवावी, आजी-आजोबांची खुर्चीही तिच्या शेजारी. सकाळी रोपाला वाटीभर पाणी घालण्याचे काम त्यांच्याकडे सोपवावे. त्या निमित्ताने ते अंथरुणावरून उठतील, चार पावले चालतील, उजेडात बसतील. कुंडीकडून एवढे मिळाले तरी पुष्कळ झाले. प्राणवायूची काळजी यंत्राला वाहू द्यावी.