फाळक्यामागची शाळा

१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवण्याची मोहीम राज्यभर राबवण्यात आली. तिची मुदत २०२५ या एकाच वर्षात अनेकदा वाढवावी लागली. या काळात वाद झाले ते पाटीच्या दरावरून, अपुऱ्या केंद्रांवरून आणि संभाव्य दंडावरून. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर यंत्राने उठवलेले आकडे, कोपऱ्यात होलोग्राम, लेसरने कोरलेला क्रमांक अशी ही पाटी चोरीच्या वाहनांचा माग काढण्यास उपयोगी आहे, हे मान्यच करावे लागेल. मात्र या पाटीने तालुक्याच्या गावातील पेंटरचे आणखी एक रोजचे काम गेले, आणि त्या कामाच्या आडोशाने चालणारी एक बिननावाची शाळाही आणखी थोडी मिटली, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

परभणी जिल्ह्यातील जिंतूरचे उदाहरण घेता येईल. या गावाला रेल्वे नाही. जवळची स्थानके सेलू आणि परभणी. कापूस, सोयाबीन, तूर, सिमेंट, खत, जे काही येते वा जाते ते रस्त्यानेच. ज्या गावाचे पोट रस्त्यावर चालते तेथे ट्रक, टेम्पो, काळीपिवळी जीप, ट्रॅक्टरची ट्रॉली या निव्वळ वस्तू राहत नाहीत. मालकाची पत, श्रद्धा आणि मिजास त्यांच्या अंगावर उतरते. मराठवाड्यातील अशा गावांत बसस्थानकाच्या किंवा बाजार समितीच्या आसपास 'अमुक आर्ट्स' अशी पाटी लावलेले एखादे खोपटेवजा दुकान असे. नंबर प्लेट, दुकानाचा फलक, निवडणुकीची भिंत आणि ट्रकचा फाळका ही सारी कामे तेथेच होत. फाळक्यावर आई-वडिलांचा आशीर्वाद, त्याखाली दोन मोर, बाजूला कमळाची वेल, कोपऱ्यात पेंटरची सही. ही सही महत्त्वाची. रस्त्यावरून शंभर मैल लांब जाणारी ती एकमेव जाहिरात होती.

या दुकानाच्या दारात मुले रेंगाळत. बहुतेकांना पेंटर व्हायचे नसे. चित्रकलेच्या तासाला ज्याची वही सर वर्गभर दाखवत, असा मुलगा शाळा सुटल्यावर तेथे थांबे, एवढाच त्याचा आणि त्या दुकानाचा संबंध. काही दिवस नुसते बघणे, मग रंगाचा डबा ढवळणे, टर्पेंटाइनमध्ये ब्रश धुणे, पॉलिश पेपरने पत्रा घासणे. पुढे खडू लावलेली सुतळी ताणून सरळ रेघ उमटवणे. देवनागरीत ही रेघ म्हणजे शिरोरेघा, आणि ती चुकली की सगळे अक्षर लटकते. अक्षरांतील अंतर मोजपट्टीने सुटत नाही. 'र' आणि 'व' यांच्यामधली मोकळी जागा किती, हे डोळ्यालाच शिकावे लागते. इनॅमल रंग लवकर ओढला तर भेगाळतो, रेंगाळला तर ओघळतो, म्हणून हात न थांबवता पूर्ण वळण घ्यावे लागते. या साऱ्याला किती काळ लागेल हे कोणी सांगत नसे. एके दिवशी वस्ताद चहाला उठताना ब्रश मुलाच्या हातात देई. तीच परीक्षा, तोच निकाल.

या संबंधाचे वैशिष्ट्य असे की, त्यात उपदेश जवळजवळ नव्हता. प्रौढ माणूस आणि पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा समोरासमोर बसले की संवाद अवघडतो. दोघेही एका फाळक्याकडे तोंड करून उभे राहिले की तो सुरू होतो. घरी काय चालले आहे, शाळा का सुटली, मोटारसायकलवरून रात्री कोठे भटकतोस, हे प्रश्न मोराच्या पिसाऱ्याला डोळे भरताना सहज विचारले जात. आवड दोघांची एकच असल्याने वयाचे अंतर आड येत नसे. आज 'मेंटरिंग' या नावाने ज्या गोष्टीची शिबिरे भरवली जातात, ती गोष्ट येथे पोटापाण्याच्या कामासोबत फुकट मिळत होती.

महाराष्ट्राला ही वाट अपरिचित नाही. कोल्हापुरात बाबूराव मेस्त्री आणि आनंदराव यांनी नाटकांचे पडदे रंगवता रंगवता हात बसवला. 'पेंटर' ही त्यांची ओळख पुढे आडनावच बनली. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल आणि शांताराम घडले, आणि त्यांच्यासारख्यांनीच १९२९ मध्ये 'प्रभात'ची पायाभरणी केली. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत होते. या नामवंतांच्या मागे अनाम पेंटरांची मोठी रांग आहे, आणि ती तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोहोचते.

अर्थात, या शाळेचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजू झाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. अनेक मुले महिनोन्महिने बिनपगारी राबली. काहींची शाळा दुकानातच संपली. मुली त्या दारात कधी दिसल्याच नाहीत. आणि रंग स्वतः निरुपद्रवी नव्हता. ट्रकवरचा भडक पिवळा आणि नारिंगी पूर्वापार शिशाच्या क्रोमेटवर चालत आला. देशात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारे नियम २०१६ साली आले. मात्र त्यांची कक्षा त्यांच्या नावातच स्पष्ट आहे, औद्योगिक रंग त्यांच्या बाहेर राहिले. तोंडात ब्रशचे टोक ओलावणाऱ्या मुलाला हे कोणी सांगितले नव्हते, कारण वस्तादालाही ते ठाऊक नव्हते. चौदा वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यावर २०१६ च्या दुरुस्तीने जी बंदी आली, ती योग्यच आहे. प्रश्न त्या वयानंतरचा आहे.

ही शाळा कोणा एकाने बंद केली नाही. या शतकाच्या आरंभी फ्लेक्स आला आणि भिंती व फलक गेले. संगणकाला जोडलेल्या कटिंग यंत्राने रेडियमची अक्षरे मिनिटांत कापून दिली. गाव त्याला आजही नुसते 'रेडियमवाला' म्हणते. ट्रकच्या बॉडी व केबिनसाठी मानके आली. १ ऑक्टोबर २०२५ पासून उत्पादित होणाऱ्या मध्यम व जड ट्रकांची केबिन वातानुकूलित असावी, असा नियम झाला. चालकाच्या दृष्टीने हे स्वागतार्ह आहे. उन्हाळ्यात मराठवाड्यातून ट्रक हाकणाऱ्याला ते पटवून द्यावे लागणार नाही. मात्र कारखान्यातून तयार होऊन येणाऱ्या केबिनला स्थानिक सुतार आणि पेंटर यांची गरज उरत नाही. त्याआधी २०१५ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने 'हॉर्न ओके प्लीज' लिहिण्यास मनाई केली. विनाकारण भोंगा वाजवण्यास त्याने उत्तेजन मिळते, हे कारण दिले गेले. त्या तीन शब्दांनी आवाज किती वाढत होता हे सांगता येणार नाही, पण हजारो शिकाऊ हातांचा इंग्रजी कित्ता तोच होता.

हौस मात्र संपलेली नाही. तिने वाहन बदलले. आज जिंतूरसारख्या गावातील अठरा-वीस वर्षांच्या तरुणाची कलाकुसर मोटारसायकलच्या टाकीवर, हेल्मेटवर, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर चालते. मोबाइलवर जगभरचे नमुने त्याच्या समोर आहेत. एअरब्रश आणि छोटा कॉम्प्रेसर घरपोच मिळतो. मिळत नाही तो शेजारी उभा राहणारा जाणता माणूस. टाकीवर शेवटी मारले जाणारे चकचकीत दुहेरी-घटक लॅकर आयसोसायनेटयुक्त असते आणि बंद खोलीत त्याची फवारणी केली तर दम्याचा विकार जडू शकतो. साधा कापडी रुमाल त्याला अडवत नाही. चित्रफितीत रंगांच्या छटा दिसतात, खोकला ऐकू येत नाही.

शासनाशी या तरुणाची गाठ पडते ती बहुधा चौकात, पावतीपुस्तकासह. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तो मुद्दा आणखी घट्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफाराला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे आता अनेक शहरांतून येतात, आणि त्या कर्कश सायलेन्सरबद्दल कोणालाही सहानुभूती वाटण्याचे कारण नाही. परंतु याच कायद्याच्या व्याख्येप्रमाणे 'फेरफार' म्हणजे वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यांत फरक पाडणारा रचनेतील बदल. टाकीवरची वेल त्यात बसत नाही. संपूर्ण रंग पालटला तर नोंदणी प्रमाणपत्रात तशी नोंद करून घ्यावी लागते. लष्करी हिरवा रंग खासगी वाहनाला चालत नाही, कारण तो संरक्षण दलांसाठी राखीव आहे. कोठे हात चालवावा आणि कोठे थांबावा याची ही रेषा तशी स्पष्ट आहे. ती तरुणाला समजावून सांगणारे कोणी नसल्याने चित्र काढणारा आणि सायलेन्सर कापणारा दोघेही एकाच रांगेत उभे केले जातात.

शासनाजवळ या कामासाठी योजना नाहीत असे नाही. उलट आहेत, आणि म्हणूनच त्यांतील फट अधिक खटकते. पंतप्रधान विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे योगायोगाने मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, सुरू झाली. गुरू-शिष्य परंपरा बळकट करणे हे तिच्या उद्देशांतच नोंदलेले आहे. १३ हजार कोटींची तरतूद, प्रशिक्षणकाळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार, दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, न्हावी, हार ओवणारे, बाहुल्या घडवणारे असे अठरा व्यवसाय तिच्या यादीत आहेत. पेंटर त्यात नाही. दुसरीकडे, शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ पासून अस्तित्वात आहे. त्याखाली तीस वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणे बंधनकारक असून, चार ते एकोणतीस कर्मचारी असलेल्यांना ते ऐच्छिक आहे. एकटा पेंटर आणि त्याचा एक डबा ही आस्थापना होत नाही. एका यादीत तो पारंपरिक कारागीर म्हणून बसत नाही, तर दुसऱ्या कायद्यात मालक म्हणून.

यादीतील अशा त्रुटी किती महाग पडतात, याचे उलटे उदाहरण ढाक्यात सापडते. तेथील रिक्षा आणि रिक्षाचित्रे यांना युनेस्कोने डिसेंबर २०२३ मध्ये मानवी अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. ही कलाही उस्तादाकडून शागिर्दाकडेच जाते, आणि छापील चित्रांनी तिलाही जेरीस आणले आहे. पाकिस्तानी ट्रकचित्रकार हैदर अली २००२ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन लोकजीवन महोत्सवात ट्रक रंगवण्यासाठी गेले होते. आपल्याकडे दिल्लीच्या हनीफ कुरेशी यांनी रस्त्यावरील पेंटरांची अक्षरे संगणकीय टंकांत जतन करण्याचा प्रकल्प चालवला. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. टंक जतन झाला तरी ते अक्षर काढणारा हात पुढच्या हाताला वळण लावत नाही, ही अशा जतनाची मर्यादा आहे.

अक्षरांना मान देण्याची दानत महाराष्ट्रात आहे. सुलेखनकार अच्युत पालव यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा त्याचा प्रत्यय आला. पण हा मान मुंबईत मिळतो. जिंतूरच्या पेंटरला तो नको आहे. त्याला गिऱ्हाईक हवे आहे, आणि शिकवण्यात जाणाऱ्या दोन तासांची भरपाई. कळीचा मुद्दा येथेच आहे. पूर्वी मुलाला शिकवण्याचा खर्च फाळक्याच्या कामातून निघत असे. काम संपल्यावर तो खर्च कोणी करायचा, हे ठरवल्याशिवाय गुरू-शिष्य परंपरेची भाषा पोकळ राहते.

त्यासाठी मोठ्या संस्थेची आवश्यकता नाही. इंटरमिजिएट रेखाकला परीक्षेच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळत असल्याने शाळाशाळांत चित्रकलेचे विद्यार्थी आजही आहेत. दहावीनंतर त्यांचा ब्रश सुटतो, तो धागा पकडता येईल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शिकवण्यासाठी अशा पेंटरला तासांवर मानधन देता येईल. एसटीच्या आगारांना, ग्रामपंचायतींच्या घंटागाड्यांना, शाळांच्या बसना छापील स्टिकरऐवजी हाताने लिहिलेल्या सुरक्षा-सूचना घेता येतील. दर थोडा जास्त पडेल. रंग शिसेमुक्त, तोंडावर योग्य मुखवटा आणि मुलींनाही प्रवेश, या अटी त्याच मानधनाला जोडता येतील. धोकाही आहेच: प्रमाणपत्र, हजेरीपट आणि बायोमेट्रिक यंत्र आले की रेंगाळणारा मुलगा बाहेरच राहील, आणि आत तो येईल ज्याला प्रमाणपत्र हवे आहे. त्या दाराशी नाव न विचारता उभे राहता येत होते, हेच त्याचे बळ होते.

विश्वकर्मा योजनेच्या यादीत एकोणिसावा व्यवसाय घालणे हा केंद्राचा विषय. तासिका तत्त्वावरील मानधन आणि एसटीच्या सूचना मात्र राज्याच्या अखत्यारीत येतात. तोवर पोळ्याच्या आदल्या दिवशी हिंगूळ लावलेल्या शिंगांशेजारी एखाद्या ट्रॅक्टरचे बॉनेट रंगवले जाते, तेवढेच काम. त्यावर सही करणारा पेंटर साठीला आला आहे.